निषाद अडतो कुठे?

(सॅक्सोफोनच्या चिकटणाऱ्या पॅडविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

वरातीत सॅक्सोफोन बेसूर वाजला की बोल वाजवणाऱ्याला बसतो. बँडमास्तर डोळे वटारतो, बाकीचे खाली मान घालून हसतात आणि वाजवणारा दुसऱ्या दिवशी रीड बदलून बघतो. रीड बदलूनही तोच स्वर पुन्हा दगा देतो. मग म्हणायचं, वाद्य जुनं झालं, आता याच्यात राम नाही. निम्म्याहून अधिक वेळा वाजवणाराही बरोबर असतो आणि वाद्यही. चूक असते ती बोटभर रुंदीच्या एका चामड्याच्या चकतीची, आणि तीही तिची स्वतःची नव्हे, तिच्यावर साचलेल्या मळाची. ही पुस्तिका त्या मळाबद्दल आहे.

उदाहरण घेऊन बोलू. बँड पांढरी एकमध्ये वाजवतो आहे. आल्टो सॅक्सोफोन ‘ई फ्लॅट’चं वाद्य, त्यामुळे पांढरी एकचा षड्ज त्याच्यावर ‘ए’च्या बोटांनी येतो आणि शुद्ध निषाद ‘जी शार्प’च्या बोटांनी. जी शार्प म्हणजे ‘जी’ची बोटं तशीच ठेवून डाव्या करंगळीने आणखी एक चावी दाबायची. करंगळी दाबली, पण त्या चावीचं पॅड भोकाला चिकटून बसलं तर जीच वाजतो, म्हणजे कोमल निषाद. गाणं बिलावलाचं असलं तर ऐकणाऱ्याला ते खमाजाकडे गेल्यासारखं वाटतं. टेनरची गंमत याहून मोठी. टेनर ‘बी फ्लॅट’चा. त्याच पट्टीत त्याच्यावर जी शार्प म्हणजे तीव्र मध्यम. तो अडला की शुद्ध मध्यम वाजतो आणि यमनाचा सरळ बिलावल होतो. वाजवणाऱ्याने बोटं अगदी बरोबर टाकलेली असतात. कान असलेला बँडमास्तर मात्र समजतो की याला यमन येत नाही.

सगळ्या चाव्या सोडून हीच चावी सर्वांत जास्त का अडते, हे कळलं की या विषयाचं निम्मं काम झालं. सॅक्सोफोनच्या चाव्या दोन जातींच्या. काही एरवी उघड्या असतात आणि बोट ठेवलं की बंद होतात. काही एरवी बंद असतात आणि बोट ठेवलं की उघडतात. उघड्या चाव्यांच्या पॅडना वारा लागतो, ती वाळतात. बंद चाव्यांची पॅड मात्र वाजवून झाल्यावरही, वाद्य पेटीत गेल्यावरही, ओल्या अंगाने भोकाच्या कडेवर दाबून बसलेली असतात. चिकटतात ती बहुधा हीच: जी शार्प, खालचा सी शार्प, खालचा ई फ्लॅट आणि तळहाताने व बोटाच्या बाजूने वाजणाऱ्या वरच्या चाव्या.

त्यातही जी शार्पचं दुखणं वेगळं. ई फ्लॅटची चावी दाबली की बोटाचा जोर थेट पॅड उचलतो. चिकटलेलं असलं तरी ते ‘चट्’ असा आवाज करून सुटतं. थोडा उशीर होतो, पण स्वर येतो. जी शार्पला दोन स्प्रिंगा असतात. करंगळीखालच्या दांडीची स्प्रिंग जोरदार, ती पॅड दाबून बंद ठेवते. पॅडच्या वाटीची स्वतःची स्प्रिंग नाजूक, ती वाटी उघडू पाहते. करंगळी दाबली की जोरदार स्प्रिंग बाजूला होते, एवढंच. पॅड उचलण्याचं काम त्या नाजूक स्प्रिंगने एकटीने करायचं असतं. म्हणून जी शार्पच्या बाबतीत बोटाचा जोर कामाला येत नाही. करंगळी कितीही आवळून दाबा, पॅडपर्यंत तो जोर पोचतच नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. जोराने दाबून दाबून दांडी वाकवतात आणि साध्या मळाच्या दुखण्याला लोहाराचं काम लावून ठेवतात.

पॅड म्हणजे काय तेही जवळून पाहू. खाली पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर लोकरीच्या नमद्याचा थर आणि त्या दोन्हींना गुंडाळलेलं पातळ, मऊ कातडं. मध्ये बहुधा धातूची किंवा प्लॅस्टिकची छोटी टिकली असते, तिने आवाज उजळ होतो. ही सगळी चकती चावीच्या पितळी वाटीत लाखेने, हल्ली पुष्कळदा गरम करून लावायच्या गोंदाने, बसवलेली असते. आल्टोवर अशी चोवीस-पंचवीस पॅड असतात, करंगळीच्या नखाहून लहान असलेल्या सप्तकाच्या पॅडपासून घंटेजवळच्या मोठ्या पॅडपर्यंत. भोकाची कड कातड्यावर टेकते तिथे गोल वळ उमटतो. पॅड नीट बसलं की त्या वळातून हवा पळत नाही. तो वळ स्वच्छ आणि कोरडा असेपर्यंत पॅड मुकाट्याने काम करतं.

आता मळ येतो कुठून? फुंकताना तोंडातून वाफ जाते, पितळेच्या गार नळीत तिचं पाणी होतं, त्यात लाळ मिसळते. हे पाणी वाद्य धरण्याच्या कोनामुळे ठरावीक भोकांकडे वाहतं. नुसतं पाणी असतं तर ते वाळून गेलं असतं. पण त्याच्याबरोबर तोंडात जे असेल ते जातं, आणि सातारा-सांगलीकडच्या बँडवाल्याच्या तोंडात काय असतं हे सांगायला नको. लग्नात पंगत उठली की बँड उठतो. जिलेबी, बासुंदी, वर चहा, चहानंतर पान किंवा तंबाखू. साताऱ्यात कुणी हातावर कंदी पेढा ठेवतो, उसाच्या पट्ट्यात रसाचा ग्लास पुढे येतो. आग्रह मोडवत नाही. पाच मिनिटांनी परण्या निघतो आणि ती सगळी साखर नळीत उतरते. साखरेचं पाणी वाळलं की त्याची खळ होते. ती खळ कातड्याच्या वळावर आणि पितळी कडेवर, दोन्हीकडे बसते.

बाहेरून येतो तो गुलाल. मिरवणुकीत, जत्रेत, निवडणुकीच्या विजयात, आमच्याकडे वाद्यावर गुलाल पडल्याशिवाय कार्यक्रम पार पडल्यासारखा वाटत नाही. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, त्या दिवशी पेटी उघडली तरी आतून पिवळी निघते. गुलालात बहुधा मक्याचं नाहीतर तांदळाचं पीठ असतं, काहीत शंखजिरं. पिठावर ओल पडली की तीच खळ. कोरडा गुलाल फुंकून जातो, पण ओल्या पॅडवर बसलेला तिथेच घट्ट होतो.

तिसरं कारण हवेचं, आणि ते सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत फार टोकाचं दिसतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघालं की माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत तो पाचशेच्या आसपास येतो. आणि बँड कुठे एका जागी बसतो? आज पाटणची सुपारी, परवा जतची. पश्चिमेला पॅड ओलसर राहतात, बुरशी धरतात. पूर्वेला धूळ उडते आणि कोरड्या वाऱ्यात कातडं आखडतं. एकाच वाद्याने दोन्ही सोसायचं.

याच्या जोडीला पंचांग. आषाढी एकादशीपासून लग्नं थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. ऐन पावसाचे महिने बऱ्याच सॅक्सोफोनच्या वाट्याला बंद पेटी येते, तीही मागच्या हंगामाची लाळ, साखर आणि गुलाल पोटात घेऊन. मधे गणपतीसाठी पेटी उघडते आणि नेमका तेव्हा जी शार्प अडतो. लोक म्हणतात, पावसाने खराब झालं. पावसाने फक्त उघड केलं. मळ उन्हाळ्यातला होता.

या वाद्याच्या स्वभावात हवा आणि रस्ता पहिल्यापासून आहे. बेल्जियममधल्या दिनां गावी 1814 मध्ये जन्मलेल्या आडोल्फ साक्स याने पॅरिसमध्ये 1846 साली सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. त्याच्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी पलटणीचे बँड होते. 1845 च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर जुन्या पद्धतीचा आणि साक्सच्या वाद्यांचा बँड अशी जाहीर लढत झाली आणि साक्सच्या बाजूने कौल पडला. पितळेचं असूनही रीडवर वाजणारं, मैदानात ऐकू जाणारं आणि तरीही गळ्यासारखं वळणारं वाद्य त्याला हवं होतं. पलटणीच्या बँडचा गणवेश, कवायत आणि वाद्यं आपल्याकडच्या लग्नाच्या बँडने उचलली, त्यांत पुढे सॅक्सोफोनही आला. हिंदी सिनेमाने त्याला घराघरात नेलं. मनोहारी सिंग यांनी ‘आराधना’ (1969) सारख्या चित्रपटांत वाजवलेले तुकडे ऐकूनच इथल्या कित्येकांनी क्लॅरोनेट बाजूला ठेवून सॅक्सोफोन हाती घेतला. मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथ यांनी तर म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये हे वाद्य पाहिलं आणि त्यावर कर्नाटक संगीत उभं केलं. आपल्याकडे ते रस्त्यावर राहिलं. रस्त्यावरच्या वाद्याची निगा कशी राखायची हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

हे खटकतं ते आपण मिरजेच्या इतके जवळ आहोत म्हणून. मिरजेच्या तंतुवाद्यांची कथा सांगितली जाते ती अशी: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावणारे फरीदसाहेब शिकलगार मिरजेच्या संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने वाद्यं दुरुस्त करायला लागले आणि दुरुस्त करता करता स्वतः बनवू लागले. आज तिथल्या गल्लीत सतार आणि तंबोरा पिढ्यानपिढ्या घडतो. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई याच गावात राहिला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ज्या विद्येचा आज एवढा मान आहे तिची सुरुवात कारखान्यात नव्हे, दुरुस्तीत झाली. जवारी काढणाऱ्या कारागिराला आपण कलावंत म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पॅड बसवणाऱ्याला मात्र ‘रिपेरिंगवाला’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक दोघांचंही काम केसाएवढ्या फटीशी. तंबोऱ्याच्या घोडीवर तार कुठे टेकते आणि सॅक्सोफोनच्या भोकावर कातडं कुठे टेकतं, यावरच सुराचं सगळं अवलंबून. मिरजेत तंबोऱ्याला पॉलिश चढतं तेही लाखेचं आणि पॅड वाटीत धरून ठेवते तीही लाखच. या पुस्तिकेतल्या बऱ्याच गोष्टी मिरजेच्या कारागिराला सांगाव्याच लागणार नाहीत. त्या सांगायच्या आहेत बँडमधल्या मुलाला, ज्याला वाजवायला शिकवलं पण वाद्य उघडून बघायला कुणी शिकवलं नाही.

पुस्तिकेचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर: स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कागद हातात घ्या. चिकटणारं पॅड ओळखायचं कसं, इथून सुरुवात होते. शांत खोलीत वाद्य कानाजवळ धरून एकेक बंद चावी सावकाश उघडायची. जिथे ‘चट्’ ऐकू येईल तिथे खडूने खूण करायची. जी शार्प तपासताना करंगळी दाबून वाटीकडे बघायचं. ती क्षणभर थबकून मग उडी मारत असेल तर दुखणं सापडलं.

मग कागद. पॅड ओलं असेल तर टिपकागदाची पट्टी, कोरडं पण चिकट असेल तर सिगारेट वळायचा पातळ कागद. पानपट्टीवर मिळतो. त्याची गोंद लावलेली कड आधी फाडून टाकायची, नाहीतर मळ काढायला गेलो आणि गोंद लावून आलो असं होतं. कागद पॅड आणि भोकाच्या मधे सरकवायचा, चावी हलक्या हाताने बंद करायची, दहापर्यंत मोजायचं, उघडायची, कागदाची कोरी जागा पुढे घ्यायची, पुन्हा. कागदावर वळाचा डाग उमटतो, पिवळट, कधी गुलाबी. डाग फिका होईपर्यंत हे करायचं. चावी दाबून धरून कागद खसकन ओढायची सवय पुष्कळांना असते. त्याने मळ निघतो खरा, पण कातड्याची वरची साय निघण्याचीही भीती असते, आणि साय गेलेलं पॅड पूर्वीपेक्षा जास्त पाणी पितं.

पॅडइतकीच दोषी असते समोरची पितळी कड, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. कापसाची काडी लायटरच्या फ्लुइडमध्ये जेमतेम भिजवून ती कडेवरून गोल फिरवायची. काडी काळी-हिरवी निघते. हे काम उघड्यावर, उजेडात आणि देवघरातल्या उदबत्तीपासून व विडीपासून लांब करायचं, कारण हे द्रव्य भुरकन पेट घेतं. स्पिरिटचा मोह टाळलेला बरा. ते कातडं कोरडं करतं आणि लाख विरघळवतं, वाटीत शिरलं तर पॅडच सैल होतं. पितळेवर हिरवा गंज चढला असेल तर लाकडी काडीने खरवडायचा. सुरी आणि सँडपेपर कडेला लावायचे नाहीत. कडेवर एक ओरखडा पडला तर नवं पॅड बसवूनही तिथून हवा पळत राहते.

जे करायचं नाही त्याला एक अख्खं प्रकरण दिलं आहे, कारण नुकसान बहुतेक वेळा उपायांनीच झालेलं आढळतं. पॅडवर टाल्कम पावडर मारली की संध्याकाळपुरतं काम होतं, पण पावडर आणि लाळ मिळून पुढच्या आठवड्याची खळ तयार होते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनने कातडं मऊ होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल चाव्यांच्या बिजागऱ्यांसाठी, तेही सुईच्या टोकावर मावेल तेवढं. ते पॅडपर्यंत वाहू द्यायचं नाही. नाजूक स्प्रिंग पकडीने वाकवून जोर वाढवण्याचं धाडसही अनेक जण करतात. स्प्रिंग तुटते, किंवा जोरदार आणि नाजूक यांच्यातला तोल जातो आणि पॅड बंदच होत नाही. मग खालचे स्वर फुटायला लागतात. वरच्या एका भोकातून हवा गळली तरी खालचा बी फ्लॅट दाद देत नाही, कारण त्या स्वराला वरची सगळी भोकं बंद लागतात.

पुस्तिकेची हद्दही सांगितली पाहिजे. पॅडचं कातडं फाटलं असेल, दगडासारखं कडक झालं असेल, वळ खोल आणि वाकडा गेला असेल तर कागद किंवा फ्लुइडचा उपयोग नाही. पॅड बदलायला हवं. वाटी तापवून लाख मऊ करणं, जुनं पॅड काढणं, नवं बसवून चहूबाजूंनी एकाच वेळी टेकेल असं सपाट करणं आणि नळीत दिवा सोडून उजेड कुठून झिरपतो ते तपासणं, हे जाणकाराचं काम आहे. ते वाचून येणार नाही, शेजारी बसूनच येईल. शेवटच्या प्रकरणात त्याचं वर्णन दिलं आहे ते वाचकाने स्वतः करावं म्हणून नव्हे, तर कारागिरापुढे वाद्य ठेवताना नेमकं काय बिघडलं ते सांगता यावं आणि झालेलं काम पारखता यावं म्हणून. ‘जरा बघा काय ते’ असं म्हणून वाद्य टाकलं की सगळी पॅड बदलण्याचा खर्च येतो. ‘जी शार्प थबकतो, कड पुसून झाली, कातडं शाबूत आहे’ असं सांगितलं की बोलणं वेगळं होतं.

निगेचं प्रकरण सर्वांत छोटं आहे, आणि ते पाळलं तर बाकीची प्रकरणं क्वचितच लागतील. वाजवण्याआधी चूळ भरणं. सुपारी संपली की पाणी काढून टाकून दोरीला बांधलेलं सुती फडकं नळीतून ओढणं. एरवी बंद असणाऱ्या पॅडखाली टिपकागद एकदा टेकवणं. ओलं फडकं पेटीत न कोंबणं. गुलालाच्या दिवशी आधी मऊ ब्रशने झटकणं आणि मगच पुसणं, नाहीतर पुसता पुसता पीठ मळलं जातं. चातुर्मासात आठवड्यातून एकदा पेटी उघडून वाद्याला अर्धा तास घरातल्या हवेत ठेवणं, पण उन्हात नाही.

कुणी म्हणेल, डॉल्बीच्या जमान्यात बँडच किती उरले आणि त्यांच्यातले सॅक्सोफोन किती? प्रश्न रास्त आहे. डॉल्बीशी आवाजाच्या जोरावर बँड टिकणार नाही, टिकलाच तर सुराच्या जोरावर टिकेल. लोक आजही बँड ठरवतात ते गाणं ओळखू यावं म्हणून, वधूच्या मामाला त्याच्या तरुणपणीचं गाणं नीट ऐकू यावं म्हणून. त्या गाण्यातला निषाद निषादाच्या जागी आणि मध्यम मध्यमाच्या जागी लागला नाही तर बँडकडे डॉल्बीच्या वरचढ असं काही उरत नाही. म्हणून पॅडची ही बारीकसारीक चर्चा बँडच्या पोटापाण्याचीही आहे.

पुस्तिका वाचायची रीत सोपी आहे. पहिलं आणि दुसरं प्रकरण घरी बसून वाचा. तिसरं वाद्य मांडीवर घेऊन वाचा, त्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही. निगेच्या प्रकरणाचं पान कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं तरी चालेल, ते एका बाजूला कोरं ठेवलं आहे ते त्यासाठीच. ज्यांच्या बँडमध्ये एकाहून जास्त सॅक्सोफोन आहेत त्यांनी हंगाम सुरू होण्याआधी एका दुपारी सगळ्यांनी एकत्र बसून आपापला जी शार्प तपासावा. नवा मुलगा त्या दुपारी जेवढं शिकेल तेवढं त्याला वरातीत वाजवताना कुणी शिकवू शकत नाही.